आबांच्या डब्याचं पुस्तक

राहू, ता. दौंड
९ फेब्रुवारी २०२५

तहमीना,

तू शिरूरला सुखरूप पोचली असशील. शिबिराच्या शेवटच्या दिवशी साधनाताईंनी लिहिणाऱ्या आणि चित्र काढणाऱ्या बायांच्या जोड्या लावल्या, तेव्हा माझी चिठ्ठी तुझ्या चिठ्ठीसोबत निघाली. मला वाटलं, ही पोरगी आता तोंड वाकडं करणार. तिथं सगळ्या अंगणवाडीच्या बाया आणि शाळेतल्या बाई. शेवंतीच्या वावरातून उठून आलेली मी एकटीच, तीही छप्पन्न वर्षांची. तू हसलीस म्हणून लिहायचा धीर झाला.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढं वाचायला शिकले ते फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर लावून लावून. मग गावातल्या वाचनालयाची दोन कपाटं वाचली. पण मुलांचं चित्रांचं पुस्तक कसं करतात ते तीन दिवस ऐकूनही मला नीट कळलेलं नाही. ताई म्हणाल्या, जे चित्रात दिसतं ते शब्दांत लिहायचं नाही, आणि जे शब्दांत सांगितलं ते पुन्हा चित्रात काढायचं नाही. मग मी आंबा लिहिला तर तू काय चिंच काढणार? वहीत उतरवून घेतलंय, पण अर्थ लागत नाही.

पुस्तक कुणासाठी ते मात्र ठरलेलं आहे. माझी नात करिश्मा सहा वर्षांची आहे. जूनमध्ये पहिलीला जाईल. तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती तोंडानं सांगणं मला जमत नाही. शाळेत दुसरं कुणी काहीबाही सांगायच्या आत पुस्तक तिच्या हातात पडायला हवं. ताईंना मे अखेर हवंय ते निराळं.

गोष्ट सोबत पाठवते. करिश्माचे आबा रांजणगावच्या कंपनीत गेटवर ड्यूटी करतात. मी रोज त्यांना तीन पुडांचा डबा भरून देते. चार वाजता फाट्यावर बस येते, आबा उतरतात, करिश्मा त्यांच्या हातातला डबा घेते. एवढीच गोष्ट.

पत्र ईश्वरकडे देते. तो आमच्या गावचाच, कंपनीची बस चालवतो. तुझा भाऊ शाकीर त्याच कंपनीत निघाला हे बरं झालं. फोन करू नकोस. घरात एकच फोन, आणि वाजला की आधी करिश्मा उचलते.

सिंधूबाई

*

शिरूर
१७ फेब्रुवारी २०२५

सिंधूमावशी,

सलाम. तुमची गोष्ट मिळाली. शाकीरनं ती स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ठेवली होती, त्यामुळे एका पानाला आंब्याच्या लोणच्याचं तेल लागलंय. वाचता येतं.

मावशी, मी वाक्यं मोजली. चौऱ्याण्णव आहेत. ताईंनी सोळा पानांचं पुस्तक सांगितलंय, आणि एका पानाला एक वाक्य पुष्कळ. तुम्ही मेथी निवडायला बसता तिथून सुरुवात केलीय. मेथी निवडून होईपर्यंत पोरं झोपतील. मी पेन्सिलीनं काही वाक्यांवर रेघ मारलीय. अकरा उरलीत. राग मानू नका.

माझंही सांगते. आमचे अब्बा इनुस पेंटर, दुकानांचे बोर्ड आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतात. ब्रश धरायला त्यांच्याकडूनच शिकले. आता लग्नाच्या दिवसांत मेंदी काढते. हजारो हात पाहिले, हजारो पाय पाहिले, पण चेहरा काढायला गेले की तो माणसाचा राहत नाही. अब्बा म्हणतात, "तेरा आदमी तो आधार कार्ड पे का लगता." म्हणून मी ठरवलंय की आपल्या पुस्तकात कुणाचा चेहरा दिसणारच नाही. हात, पाय आणि डबा. चालेल?

एक मात्र कळलं नाही. तुम्ही लिहिलंय की आबा रोज डब्यात करिश्मासाठी थोडं राखून आणतात. पुढं लिहिलंय, एक दिवस डबा भरलेलाच परत आला. आणि गोष्ट थांबली. मी पान उलटून पाहिलं, पिशवी झटकून पाहिली. पुढचं पान राहिलं का? डबा भरलेला का आला? मला वाटतं खंडेनवमीची पूजा असेल, कंपनीत जेवण असेल.

तहमीना

*

राहू
२५ फेब्रुवारी २०२५

तहमीना,

अकरा वाक्यं वाचली. आधी राग आला. तू माझी मेथी काढलीस, ठेचा काढलास, पहाटे पाचला पेटवलेली चूल काढलीस. उरलेलं पुन्हा वाचलं तर काहीच गेलं नव्हतं. हे कसं झालं ते कळत नाही, पण राहू दे तसंच.

हात काढ. चेहरा नकोच. ह्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे, लहानपणी मोटारीचं झाकण पडलं होतं त्यावर. काय काढायचं ते सांगायचं नसतं हे मला ठाऊक आहे, तरी सांगितलं.

शेवटाचं पान राहिलेलं नाही. मी लिहिलंच नाही. मला वाटलं होतं, जे लिहिता येत नाही ते चित्र सांगत असेल. ताई तसंच काही म्हणाल्या होत्या ना? तुला सुचेल तसं तूच काढ.

करिश्माला पुस्तकाचं सांगितलेलं नाही. पण मी वही उघडली की ती येऊन मांडीवर हनुवटी ठेवते आणि विचारते, "आजी, ह्यात माझं नाव कुठाय?" दाखवलं. तेवढंच तिला वाचता येतं.

सिंधूबाई

*

शिरूर
२० मार्च २०२५

सिंधूमावशी,

उशीर झाला. रोजे चालू आहेत. दिवसभर स्वयंपाकाचं काम कमी, पण इफ्तारीच्या आधी दोन तास हात रिकामा नसतो. दुपारी अब्बांच्या दुकानात मागं बसून चित्रं काढली.

सोबत कच्चं पुस्तक पाठवतेय. ताई त्याला डमी म्हणतात. जाड दोऱ्यानं मीच शिवलंय. शब्द अजून घातले नाहीत, नुसती चित्रं आहेत. चुलीपाशी डब्यात भाकरी ठेवणारे तुमचे हात, फाट्यावर उभे असलेले आबांचे पाय, बसमध्ये मांडीवर डबा, कंपनीचं गेट, केबिनमधल्या फळीवर डबा. त्यापुढची पानं कोरी सोडलीत. तुम्ही म्हणालात शेवट चित्रानं सांगायचा. मला वाटत होतं शेवट शब्दांनी सांगायचा. तुम्ही माझ्यावर सोडलात, मी तुमच्यावर सोडलाय, आणि पानं कोरीच राहिलीत.

एक सुचलंय, सांगू? डबा भरलेला आला म्हणजे आबा बाहेरचं चमचमीत खाऊन आले! आणि आजी रागावली. शेवटच्या पानावर कमरेवर ठेवलेले आजीचे दोन हात काढते, समोर आबांचे चोरासारखे उभे राहिलेले पाय. पोरं पोट धरून हसतील. आबांना विचारून सांगा, त्यांची हरकत नाही ना.

तहमीना

*

राहू
२७ मार्च २०२५

तहमीना,

कमरेवरचे हात काढू नकोस.

तू गोष्ट उलटी का केलीस? पुस्तक उघडलं तर आधी कोरी पानं. मग केबिनमधला डबा, मग गेट, मग बस, मग फाटा, आणि शेवटी चुलीपाशी डबा. मी तीनदा पाहिलं. मला वाटलं, आपल्यालाच कळत नाही, चित्रांच्या पुस्तकाची हीच रीत असेल. उशाखाली ठेवून शेवंतीच्या तोडणीला गेले.

परत आले तर पुस्तक करिश्माच्या हातात. तिनं ते एकटीनं वाचलं होतं. वाचायला शब्द नव्हतेच, मग तिला कोण अडवणार? ती उड्या मारत होती. "आजी, आबा घरी यायला निघालेत! बघ की, आधी काहीच न्हाई. मग डबा. मग गेट. मग बस. एक एक पान उलटलं की जवळ जवळ येत्यात!" तिनं नखही ओळखलं.

तेव्हापासून ती रोज चार वाजता फाट्यावर जाऊन उभी राहते. आधी अधूनमधून जायची. आता केस विंचरून जाते. काल शेजारच्या पोरींनाही घेऊन गेली. मी आता काय करायचं ते मला कळत नाही.

सिंधूबाई

*

शिरूर
८ एप्रिल २०२५

सिंधूमावशी,

ईद झाली. शेवयांचा पुडा शाकीरबरोबर पाठवतेय, दूध तुमच्याकडे चांगलं असेल.

तुमचं पत्र वाचून मी गोंधळले. गोष्ट मी सरळच काढली होती. मग अब्बांना डमीचा फोटो दाखवला, तर ते हसत सुटले. "बेटा, तूने तो बस रिव्हर्स में डाल दी!" तेव्हा कळलं. मी पुस्तक उजवीकडून उघडणारं शिवलं.

कारण सांगते. मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत होते. आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं. पाचवीपासून मराठी शाळा, आता वाचते-लिहिते ते सगळं मराठीतच. पण या पानांवर शब्द नव्हते ना. शब्द असते तर हात थांबला असता. नुसती चित्रं होती, म्हणून हात लहानपणी शिकला तसाच गेला. माझं पहिलं पान तुमचं शेवटचं झालं. साधनाताईंनाही फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पण मावशी, ही चूक मला आवडायला लागलीय. असंच ठेवू या का? उजवीकडून उघडलं तर आबा ड्यूटीला जातात, डावीकडून उघडलं तर घरी येतात. एकाच पुस्तकात दोन गोष्टी! ताईही खूश होतील.

तुम्ही एवढ्या काळजीत का आहात ते मात्र समजलं नाही. आबा रोज चारला येतातच ना? मग पोर फाट्यावर जाऊन उभी राहिली तर बिघडलं काय?

तहमीना

*

शिरूर
३ मे २०२५

मावशी,

एप्रिलभर तुमचं पत्र नाही. मला वाटलं मेंदीवालीनं पुस्तक बिघडवलं म्हणून तुम्ही रागावलात. मी शाकीरला म्हटलं, ईश्वरमामांना विचार, राहूचे आबा कसे आहेत, पुस्तकावर रागावलेत का.

ईश्वरमामा म्हणाले, "कोणते आबा? हौशीरामआण्णा? त्यांला जाऊन दोन वर्सं झाली की."

शाकीर घरी येऊन हे बोलला तेव्हा मी एका नवरीच्या हातावर मेंदी काढत होते. कोन हातातच राहिला. नवरीच्या तळव्यावर मोठा ठिपका पडला. मी त्याचं फूल केलं.

शिबिरात तुमच्या कपाळावर टिकली होती. तुम्ही 'जातात' लिहायचात, 'येतात' लिहायचात. मी लिहिलं, आबांना विचारून सांगा. मी लिहिलं, चमचमीत खाऊन आले. आणि दोन्हीकडून उघडणारं पुस्तक. आता मी काय लिहू ते मला कळत नाही. पुस्तक नको असेल तर नको. तसं नुसतं कळवा.

तहमीना

*

राहू
१० मे २०२५

तहमीना,

रागावले नव्हते. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

तू काही चुकली नाहीस. मी खोटं लिहिलं. 'जातात' लिहिताना बरं वाटायचं, म्हणून लिहीत गेले. टिकलीचं म्हणशील तर माझा मुलगा ज्योतिबाच म्हणाला होता, "आई, टिकली काढू नको, पोरगी इचारंल." ती तेव्हा चार वर्षांची होती. तेराव्यापर्यंत तिला आजोळी ठेवली. परत आली तेव्हा सून म्हणाली, आबा लांबच्या ड्यूटीवर गेलेत. एकदा सांगितलं की मग रोज तेच सांगावं लागतं. आमच्या घरात ह्यांचा फोटो लावलेला नाही, कारण फोटोला हार घालावा लागेल आणि तो तिला दिसेल. मार्चमध्ये वर्षश्राद्ध केलं तेही तिला आजोळी धाडून.

तू शेवट विचारला होतास. आता सांगते.

त्या दिवशी सकाळी नऊला ह्यांना गेटवरच चक्कर आली. शिरूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला बाराला कळलं. ज्योतिबा आणि भावकीतली माणसं शिरूरला गेली. घर बायकांनी भरलं. करिश्माकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चार वाजता ती सवयीनं फाट्यावर गेली. बस आली. आबा उतरले नाहीत, ईश्वर उतरला. केबिनमधला डबा त्यानं आणला होता. चार वर्षांच्या पोरीला काय सांगावं ते त्याला सुचलं नाही. डबा तिच्या हातात दिला आणि तो परत बसमध्ये चढला.

ती मला शोधत गोठ्यात आली. मी तिथं जाऊन उभी राहिले होते. तिनं खाली बसून डबा उघडला. रोज तळच्या पुडात तिच्यासाठी एवढासा गुळाचा खडा नाहीतर भाकरीचा पापुद्रा असायचा. त्या दिवशी तिन्ही पुडं मी सकाळी भरली होती तशीच होती. भाकरी, मेथी, ठेचा, गूळ. तिला एवढा आनंद झाला. म्हणाली, "आजी, आज आबांनी समदंच माझ्यासाठी ठिवलंय!"

आणि तिनं पहिला घास मला दिला.

घरात मयत झालेली. माती होईपर्यंत चूल पेटत नाही, कुणी घास घेत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी तो घास खाल्ला. मग दुसरा. पुढच्या खोलीतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं आणि आम्ही दोघींनी गोठ्यात बसून तो डबा संपवला. मी का खाल्लं ते मला आजही कळत नाही. भूक नव्हती. ती देत होती, आणि मला नको म्हणता आलं नाही. हे मी ज्योतिबाला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. मला वाटतं, तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. मी घास घेतला आणि सांगायचं राहिलं. ते अजून राहिलंय.

गोष्ट तिथं संपते. शेवटचं वाक्य करिश्माचंच आहे, मला शोधावं लागलं नाही.

दोन्हीकडून उघडणारं पुस्तक मात्र नको. तू प्रेमानं सुचवलंस, पण नको. कुठूनही उघडलं तरी आबा येणार नाहीत. तिला हे एकदाच आणि सरळ सांगायचंय.

आणि ताईंची ती रीत मला आता कळली असं वाटतं. मी वाट पाहत होते की तू चित्रात सांगशील. पण तू काय काढणार? हार काढलास तर तिला हार दिसेल. रिकामी खुर्ची काढलीस तर ती म्हणेल, आबा पाणी प्यायला गेलेत. ते चित्रात दिसूच शकत नाही. म्हणून ते मलाच लिहावं लागणार. केबिनमधल्या डब्यानंतर एक पान मला दे. त्यावर एवढंच येईल: "त्या दिवशी आबा वारले."

हे चार शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली. तू यातलं काही कापू नकोस.

सिंधूबाई

*

शिरूर
१९ मे २०२५

सिंधूमावशी,

नवीन डमी पाठवतेय. डावीकडून उघडते. शिवण्याआधी अब्बांकडून दोनदा तपासून घेतलीय.

तुमचं पत्र मी घरात कुणाला वाचून दाखवलं नाही. ते माझ्या मेंदीच्या डब्यात ठेवलंय, तिथं कुणी हात घालत नाही.

चित्रांचं सांगते. केबिनमधल्या डब्यापर्यंत तीच चित्रं पुन्हा काढली. त्यानंतरच्या पानावर मी काहीतरी काढून पाहिलं, नाही असं नाही. बंद गेट काढलं, उन्हात उभी बस काढली. सगळं फाडलं. ते पान पांढरंच ठेवलंय. मागच्या वेळी मला गोष्ट कळली नव्हती म्हणून पानं कोरी होती. आता त्या पानावर तुमचं वाक्य येईल. ते मी लिहिणार नाही. तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षरात.

पुढच्या पानावर ईश्वरमामांचे मोठे हात आणि त्यातून डबा घेणारे छोटे हात. त्याच्या पुढच्या पानावर उघडलेला डबा, तिन्ही पुडं भरलेली. इथं तुमची मेथी आणि ठेचा परत आलाय बघा. आणि शेवटच्या पानावर लहान हात मोठ्या हाताला घास देतोय. मोठ्या हाताचं बोट हललंय असं वाटतं, ते माझा ब्रश सरकला म्हणून. पुन्हा काढलं तर ते बरोबर येईना. तसंच ठेवलं.

घास चित्रात आहे, म्हणून शब्दांत लिहू नका. तो तुम्हा दोघींनाच कळेल.

मी अजूनही विचार करतेय की हे लहान मुलांचं पुस्तक झालं की आणखी कसलं. तुम्ही तिला वाचून दाखवाल तेव्हा मला कळवा. काय झालं ते खरं कळवा.

तहमीना

*

राहू
२ जून २०२५

तहमीना,

खरं कळवते.

वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आधी वहीत गिरवलं, मग पुस्तकात लिहिलं. 'वारले' थोडं तिरकं आलंय.

वाचायच्या आधी ज्योतिबाला बसवून पुस्तक दाखवलं. त्यानं सगळी पानं पाहिली. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबला. "हा हात तुझा हाय?" मी हो म्हटलं. तो उठून बाहेर गेला. चूळ भरून आला आणि म्हणाला, "सांग तिला. मी हितंच बसतो."

परवा दुपारी ओसरीवर वाचलं. करिश्मा भराभर पानं उलटत होती, तिला सगळं पाठच होतं, फक्त या वेळी सरळ. पांढऱ्या पानावर थांबली.

"आजी, हितं चित्र न्हाई."

"न्हाई."

"मग हितं काय हाय?"

मी वाचलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, परत वाच. परत वाचलं.

"वारले मंजी ते गुलाबी गाईवानी?"

आमची एक तांबडी गाय गेल्या वर्षी गेली, तिला ही गुलाबी म्हणायची. मी म्हटलं, व्हय.

"मंजी ड्यूटीवर न्हाईत?"

"न्हाईत. आम्ही तुला खोटं सांगितलं."

ती ज्योतिबाकडे बघायला लागली. तो खाली बघत होता. मग तिनं स्वतःच पान उलटलं, डब्याचं पान पाहिलं, घासाचं पाहिलं. मला वाटलं होतं, ती रडेल, मी जवळ घेईन. रडले ती मी. ती पुस्तक घेऊन शेवंतीच्या वाफ्याकडे गेली आणि तिथं बसून राहिली. तिला कितपत कळलं ते मला सांगता येत नाही.

चार वाजता बसचा हॉर्न वाजला आणि ती उठून फाट्याकडे पळाली. म्हटलं, एवढं करून काहीच झालं नाही. मागोमाग गेले. बस उभी होती. ती दारापाशी उभी राहून वर बघत ईश्वरला सांगत होती, "मामा, आमचे आबा वारलेत. तुम्ही त्यांची वाट नका बघू."

ईश्वर दोन वर्षांपूर्वी ज्यांना खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळाला होता, त्यांच्याबद्दल ती त्याला सांगत होती. तो म्हणाला, "व्हय का, बाय." बस बंद करून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला तिच्या शेजारी बसला. बसमधल्या कुणीही घाई केली नाही.

काल चारला ती गेली नाही. आज गेली, पण केस विंचरले नव्हते. मी विचारलं नाही.

तुझा प्रश्न आहे की हे लहान मुलांचं पुस्तक झालं का. मला माहीत नाही. ती ते आता स्वतः वाचते, म्हणजे पाठ म्हणते. पांढऱ्या पानावर आवाज बारीक करते. ह्यांचा फोटो ज्योतिबानं काल भिंतीला लावला. हार तिनंच केला, शेवंतीचा, एका बाजूला जास्त जाड.

ताईंना द्यायचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. दोन दिवस उशीर झालाय, त्या रागावल्या तर मी बोलेन. करिश्मा ते देऊ देत नाही. तिचं म्हणणं, त्यात एक चूक आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय पुस्तक घराबाहेर जायचं नाही. फाट्यावरच्या पानावर तू आबांच्या पायात चपला काढल्या आहेस. मी इतक्या वेळा पाहिलं, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चित्राबद्दल काही सांगायचं नसतं हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तहमीनामावशीला लिव्ह. आबा ड्यूटीला जाताना बूट घालायचे."

तेव्हा तेवढं पान पुन्हा काढून पाठव. बूट काळे. नाडीचे नव्हते.

सिंधूबाई